भंडारा, रात्री 1.30

मे 2020. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातून अग्निसुरक्षा यंत्रणेचा प्रस्ताव वर जातो. खर्च सुमारे दीड कोटी रुपये. करोनाचे दिवस आहेत, सगळ्यांचे लक्ष खाटा आणि ऑक्सिजनकडे. फाइल मंजुरीच्या वाटेवरच राहते.

जुलै 2020. राज्याच्या 2006 च्या कायद्याने इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. इथे यंत्रणाच नाही. नवजात बाळांच्या कक्षात धूर ओळखणारे उपकरण नाही, छतातून पाण्याचे फवारे सुटण्याची सोय नाही. तरी कक्ष चालू आहे, आणि तो चालू ठेवण्यावाचून दुसरा मार्गही कोणाकडे नाही. जिल्ह्यातल्या गरिबाच्या कमी वजनाच्या बाळाला दुसरीकडे कुठे न्यायचे?

8 जानेवारी 2021, शुक्रवार, संध्याकाळ. नवजात बाळांच्या या विशेष कक्षात, एसएनसीयूमध्ये, 17 बाळे. कक्षाचे दोन भाग: इनबॉर्नमध्ये याच रुग्णालयात जन्मलेली 7, आऊटबॉर्नमध्ये बाहेरून आणलेली 10. संसर्गाच्या भीतीने ती वेगळी ठेवतात. आया आत राहत नाहीत. दूध पाजायला बोलावले की येतात.

रात्रपाळीचा ताबा. कागदावरचा नियम सोपा आहे: दर तीन-चार खाटांमागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका. 17 बाळांना चार-पाच जणी झाल्या. ताबा वहीवर घ्यायचा नसतो, खाटेपाशी उभे राहून घ्यायचा असतो. बाळाचा रंग, श्वास, सलाइनची सुई, वॉर्मरचा आकडा, वायर कुठे गरम लागते का, हे सगळे बघून. शेवटची गोष्ट कोणत्याच तक्त्यात नसते.

रात्री 10. खोलीचे तापमान 26 ते 28 अंश ठेवायचे असते, म्हणून दारे-खिडक्या बंद. बाळाच्या पोटावर चिकटवलेला प्रोब त्वचेचे तापमान सांगतो आणि वॉर्मर त्याप्रमाणे उष्णता कमी-जास्त करतो. 36.5 च्या खाली गेले तर बाळ गारठते. प्रोब सुटला, तापमान चढले, तर अलार्म वाजतो. यंत्राच्या स्वतःच्या पॅनेलमध्ये ठिणगी पडली तर तो वाजेलच असे नाही. तिथे लागते माणसाचे नाक.

रात्री 12. तारीख बदलते. 9 जानेवारी, शनिवार. दर दोन तासांनी दूध घेणाऱ्या बाळांची ही वेळ. त्यानंतरचे दोन तास रात्रपाळीतले सर्वांत जड, हे कुठलीही सिस्टर सांगेल. टेकावेसे वाटते, शेजारच्या खोलीत जावेसे वाटते. म्हणूनच शिकवताना पहिल्याच वर्षी बजावतात: बदली माणूस आल्याशिवाय कक्ष सोडायचा नाही.

1.30 च्या सुमारास. आऊटबॉर्नमधल्या एका वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ठिणगी. खाली गादी, कापड, बाजूला प्लास्टिक. बंद खोलीत ज्वाळेपेक्षा धूर वेगाने पसरतो, आणि नवजात बाळ मिनिटाला चाळीस-पन्नास श्वास घेते.

ठिणगी पडली तेव्हापासून कोणाला कळेपर्यंत किती मिनिटे गेली, सगळी चौकशी पुढे या एका अंतराभोवती फिरली.

मग एक परिचारिका दार उघडते. आत धूर कोंडलेला. ती ओरडते, डॉक्टर आणि सुरक्षारक्षक धावतात. दारातून आत शिरता येत नाही. काचा फोडल्या जातात.

2 नंतर. अग्निशमन दलाचे जवान आत पोचतात. इनबॉर्नमधली सातही बाळे बाहेर काढली जातात. आऊटबॉर्नमधल्या दहांपैकी एकही वाचत नाही. तिघे भाजून, सात जण धुराने गुदमरून.

सकाळ. मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 5 लाख रुपयांची मदत जाहीर होते. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे भंडाऱ्यात येतात. राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासा, असा आदेश निघतो.

21 जानेवारी. आरोग्यमंत्री राजेश टोपे कारवाई जाहीर करतात. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित, अतिरिक्त जिल्हा शल्यचिकित्सकांची बदली, एक वैद्यकीय अधिकारी आणि एक परिचारिका निलंबित. कंत्राटी असलेले एक बालरोगतज्ज्ञ आणि दोन परिचारिका यांची सेवा समाप्त.

फेब्रुवारी. पोलिसांत गुन्हा नोंदवला जातो, दोन परिचारिकांवर. खोलीत थांबणे हे त्यांचे काम होते, यात वाद नाही. पण त्या खोलीत धूर ओळखायला परिचारिकेखेरीज दुसरे काहीच ठेवलेले नव्हते, ही गोष्ट गुन्ह्याच्या कलमात बसत नाही. मे महिन्यातल्या फाइलीवर जिथे सही व्हायची राहिली, त्या टेबलांपर्यंत पोलीस गेले नाहीत.

6 नोव्हेंबर 2021, सकाळी 11 च्या सुमारास. अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात आग. त्या दिवशी 11 रुग्ण दगावतात. तीन दिवसांनी चौघींना अटक होते: एक वैद्यकीय अधिकारी, तीन परिचारिका.