बार्शी: चार टोपोशीटच्या कोपऱ्यावरचे गाव

बार्शीचा इतिहास सांगायला घेतला की सुरुवात भगवंताच्या देवळापासून होते. अंबरीष राजाची कथा येते, मग पेठा, गिरण्या, शिक्षणसंस्था, स्वातंत्र्यलढ्यातली नावे येतात. यातले काहीच खोटे नाही, पण एक साधा प्रश्न या सगळ्यात राहून जातो. बालाघाटावरचा कापूस, तूर, उडीद आणि गळिताची धान्ये विकायला येणारा एवढा मोठा बाजार नेमका इथेच का भरला? इथे मोठी नदी नाही, नाव घेण्यासारखा किल्ला नाही, कोणाची राजधानीही कधी नव्हती. गॅझेटियर, रेल्वे कंपनीचे कागद आणि महसुली दप्तर यांत या प्रश्नाचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी मिळते. ते एकत्र एकाच कागदावर पडते, असे माझे मत आहे, आणि तो कागद म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलदर्शक नकाशा, ज्याला आपण सर्रास टोपोशीट म्हणतो. तालुक्याच्या गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने हा कागद सजावटीसाठी शेवटच्या पानावर छापू नये. साक्षीदार म्हणून तो पहिल्या पानावर उभा करावा.

1905 नंतर सर्वेक्षण विभागाने देशभर रंगीत पत्रके काढायचे ठरवले. त्यातली इंचाला एक मैल प्रमाणाची पत्रके आपल्या कामाची आहेत. चार अंश लांबीरुंदीच्या चौकटीला एक आकडा, तिच्या सोळा भागांना इंग्रजी अक्षरे आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा तुकडे, अशी क्रमांकांची रचना आहे. बार्शी 47 एन/12 या पत्रकात येते, पण अगदी कोपऱ्यात. उत्तरेची कड शहरापासून दोनेक किलोमीटरवर संपते आणि पूर्वेची पाचेक किलोमीटरवर. त्यामुळे एकच पत्रक विकत घेणाऱ्याला बार्शीच्या दक्षिणेचा आणि पश्चिमेचा मुलूख दिसतो. ज्या बाजूंनी बाजाराला माल येत असे त्या उत्तर-पूर्व बाजू मात्र 11, 15 आणि 16 क्रमांकांच्या पत्रकांत राहतात. कुर्डुवाडी पश्चिमेला 8 क्रमांकात आहे आणि लातूर तर 47 ची चौकटच सोडून 56 मध्ये जाते. ही नुसती कारकुनी अडचण नाही. गावाचा इतिहास गावाच्या हद्दीत मावत नाही, हे पत्रकांच्या कडा जुळवताना आपोआप ध्यानात येते. चार पत्रके शेजारी मांडल्याशिवाय बार्शीबद्दल काही ठाम बोलू नये.

मांडल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या तपकिरी समोच्चरेषा. शहराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला त्या विरळ आहेत. तो भीमेकडे उतरत जाणारा उघडा, काळ्या जमिनीचा प्रदेश. ईशान्येकडे येडशीच्या दिशेने जाऊ लागले की रेषा एकमेकींना चिकटतात. तो बालाघाटचा कडा. वर पठार, खाली मैदान, आणि पठारावरून उतरणारी बैलगाडी घाटाची दमवणारी वाट संपवून जिथे पहिल्यांदा सपाटीवर सुटते त्या टप्प्यात बार्शी. गाडीरस्ते दाखवणाऱ्या तुटक लाल रेषा चहूबाजूंनी शहराकडे येतात. ओढे बहुतेक काळ्या रेषांचे, म्हणजे पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे. बारमाही पाण्याचा निळा रंग फार थोडा. हा मुलूख बागायतीवर जगणारा नव्हता, ज्वारी-कापसाचा आणि त्यांच्या वाहतुकीचा होता, हे एवढ्यावरूनही कळते. नंतरच्या पत्रकांत हिंगणीचा तलाव निळा दिसू लागतो. जुन्या पत्रकात त्या जागी भोगावतीचे साधे पात्र आहे.

तरीही घाटाच्या पायथ्याशी अशी गावे अनेक होती. बार्शीला वेगळे करते ती नकाशावरची दुसरी रेषा, संस्थानाच्या सरहद्दीची. वायव्येला परांडा, उत्तरेला भूम, पूर्वेला येडशी आणि धाराशिव, हा सगळा मुलूख निजामाचा होता. ब्रिटिशांचा बार्शी तालुका म्हणजे सोलापूर जिल्ह्याने निजामी मुलखात खुपसलेली जीभच. आज त्याच रेषेवर फक्त सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांची हद्द आहे आणि एसटी ती ओलांडते तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही. 1948 पूर्वी ती ओलांडणे म्हणजे दुसऱ्या राज्यात पाऊल टाकणे होते. पलीकडे हाली सिक्का, अलीकडे कलदार रुपया. पलीकडे जमाबंदीची पद्धत वेगळी, न्यायालये वेगळी, दरबारी कामकाजाची भाषा उर्दू. मालाच्या आयात-निर्यातीवर निजाम सरकारची करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. नकाशात करोडगिरीचे नाव कुठेही नाही. पण सरहद्दीची रेषा आणि तिला छेदणारे गाडीरस्ते एकत्र पाहिले की माल कोणत्या वाटांनी दोन राज्यांमधून जात होता हे बोट ठेवून दाखवता येते. पठारावरच्या शेतकऱ्याचा कापूस मुंबईला पोहोचायचा तर कुठेतरी तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, एका चलनातून दुसऱ्या चलनात जाणार होता. तिथे अडते, तोलार, सराफ, वखारवाले यांची गरज पडणारच, आणि ही माणसे सरहद्दीच्या ज्या बाजूला व्यापारी कायदा ओळखीचा आणि मुंबईशी हुंडीचा व्यवहार सोपा, त्या बाजूला बसणार. बार्शीचा बाजार सरहद्दीजवळ असूनही वाढला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. माझा तर्क उलटा आहे: तो सरहद्दीमुळे वाढला.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे. सरहद्द आणि घाटवाट हीच कारणे असतील तर करमाळ्याचे काय? तेही निजामी मुलखाला लागून आहे, आणि एके काळी बालाघाटाकडून बार्शीमार्गे पुण्याला जाणारी आणि नगरहून सोलापूरला जाणारी अशा दोन व्यापारी वाटा तिथे एकमेकींना छेदत. मग करमाळ्याची पेठ का ओसरली? उत्तर पुन्हा त्याच कागदावर आहे, लोहमार्गाच्या रूपात. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी जीआयपी रेल्वे 1860 च्या सुमारास या भागातून गेली आणि तिने करमाळा आणि बार्शी या दोन्ही गावांना बाजूला टाकले. करमाळ्याच्या वाटांवरची बहुतेक वाहतूक रेल्वेने ओढून नेली. बार्शीला मात्र रेल्वेने निदान नावापुरते तरी जवळ ठेवले: पस्तीसेक किलोमीटरवरच्या कुर्डुवाडीच्या स्टेशनाचे नाव तेव्हा बार्शी रोड होते. जुन्या नकाशांवर ‘रोड’ जोडलेले स्टेशन दिसले की समजावे, रेल्वेने गाव चुकवले पण गावचा माल तिला हवा होता. त्या पस्तीस किलोमीटरवर वर्षानुवर्षे गाड्या चालल्या. मग एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरच्या कल्पनेतून बार्शी लाइट रेल्वे उभी राहिली. अडीच फूट रुंदीचा रूळ, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ न देण्याचा दंडक आणि लंडनमध्ये नोंदलेली कंपनी. 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. पुढच्या दशकांत तिचे फाटे 1906 साली पंढरपूरला, 1907 साली तडवळ्याला, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोहोचले. पंढरपूरच्या फाट्याने वारकरी वाहिले, हे लोकांच्या आठवणीत आहे. पण मूळ हेतू काय होता हे फाट्यांच्या क्रमावरूनच दिसते: पहिला तुकडा विठ्ठलाकडे जात नाही, कापसाच्या बाजाराकडे जातो.

कोणते पत्रक कोणत्या सालचे, हे बघणे इथे फार महत्त्वाचे ठरते. 1897 ते 1907 या दहा वर्षांत बार्शी हे शेवटचे स्टेशन होते. पठारावरून आलेला प्रत्येक गाडा इथेच रिकामा व्हायचा आणि त्याची दलाली इथेच राहायची. रूळ सरहद्द ओलांडून तडवळ्याला आणि लातूरला गेले तेव्हा बार्शी मधले स्टेशन झाली आणि निजामी मुलखातले लातूर स्वतःच्या बळावर माल गोळा करू लागले. बार्शीच्या कर्तबगारीला रेल्वेने वर नेले हे खरे, पण त्याच रेल्वेने तिचा एकाधिकार मोडला, हे स्थानिक गौरवग्रंथांत सहसा सापडत नाही. याच नकाशावर दुसरी एक गंमत दिसते. नॅरोगेजचा मार्ग येडशीहून तडवळ्याकडे वळतो, आणि थोड्याच अंतरावरचे जिल्ह्याचे ठाणे धाराशिव त्याच्या वाटेत येत नाही. जिल्ह्याच्या कचेरीपेक्षा कापसाच्या बाजाराला रुळांनी जास्त मान दिला! ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला गेला आणि 2007-08 च्या सुमारास धाराशिवला पहिल्यांदा रेल्वे मिळाली. या शतकभराच्या उशिराचे कारण कोणाच्या उपेक्षेत शोधण्याआधी जुने पत्रक उघडून बघावे.

आता दुसरा आक्षेप, थोडा जड. हे नकाशे इंग्रजांनी आपल्या सैन्यासाठी आणि वसुलीसाठी काढले; त्यांच्यावर आपला इतिहास बेतणे म्हणजे परक्याच्या नजरेने स्वतःकडे पाहणे नाही का? नजर परक्याची होती, यात वाद नाही. डाकबंगला, पोलीसठाणे, पोस्ट, छावणीला उपयोगी विहीर यांना त्या नकाशावर खूण आहे. यात्रेचा माळ, कीर्तनाचा वाडा, तालमी यांना नाही. पण सैन्यासाठी काढलेल्या नकाशात रस्ता, चढ आणि पाणी चुकवून चालत नाही, आणि आपल्याला हवे आहे ते नेमके हेच. त्यातल्या गावांच्या वर्णनावर विसंबू नये. घाट कुठे आहे यावर विसंबायला हरकत नाही. खरा धोका वेगळ्या जागी आहे. पत्रकाच्या समासात सर्वेक्षणाचे साल आणि छपाईचे साल वेगवेगळे असते. नवा लोहमार्ग किंवा रस्ता जुन्या पाहणीवर नंतर चढवून नवी आवृत्ती काढण्याची पद्धत होती. म्हणजे एकाच कागदावर रूळ एका सालचे आणि घरे दुसऱ्या सालची असू शकतात. समास न वाचता ‘या वर्षी गाव एवढे होते’ असे लिहिणाऱ्याचा निष्कर्ष पहिल्याच फटक्यात कोसळतो. हौशी इतिहासकार सर्वांत जास्त इथेच घसरतात.

टोपोशीट जे दाखवूच शकत नाही त्याची यादीही मोठी आहे. गावठाणापासून जरा अलग असलेला घरांचा छोटा लाल ठिपका कधी कधी दिसतो. तो कोणाचा वाडा, कोणाला गावाबाहेर राहावे लागले, हे त्यावर लिहिलेले नसते. शेताची मालकी नाही, सारा नाही, सावकारी नाही. त्यासाठी महसुली गावनकाशाकडे जावे लागते. तो वेगळ्या परंपरेचा कागद आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या मोजणीतून ती परंपरा आली. तेहतीस फुटांची साखळी, चाळीस गुंठ्यांचा एकर आणि प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, ही तिची ओळख. टोपोशीट डोंगरमाथ्यावर उभे राहून मुलूख बघते, गावनकाशा बांधावर उभे राहून. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही, आणि सातबाऱ्यावर वाढलेल्या आपल्या समाजाला दुसऱ्याची ओळख आहे पण पहिल्याची नाही, म्हणून या लेखात पहिल्याचा कैवार घेतला आहे.

उपग्रहाचे चित्र मोबाइलवर फुकट मिळत असताना जुन्या कागदाचा हट्ट कशाला, असेही कोणी म्हणेल. उपग्रह आज जमिनीवर जे आहे तेवढेच दाखवतो. निजामाची सरहद्द जमिनीवर कधीच आखलेली नव्हती, ती कागदावर आणि नाक्यांवर होती; सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर नाके गेले आणि 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर ती राज्यांची हद्दही उरली नाही. अडीच फुटी रूळही उखडले गेले. आजच्या चित्रात कुठे एखादी शंकास्पद सरळ पट्टी शेतातून जाताना दिसेल, पण ती रुळांची की पाटाची हे जुने पत्रक शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येणार नाही. दोन्ही एकमेकांवर ठेवून बघायची सोय आता साध्या संगणकावरही आहे.

अडचण होती ती कागद मिळण्याची. बरीच वर्षे ही पत्रके संरक्षणाच्या नावाखाली कुलपात होती. 2005 च्या नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी वेगळी मालिका केली आणि फेब्रुवारी 2021 मधल्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांवरचे बरेच निर्बंध उठवले. सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांवरून अमेरिकी लष्कराने 1950 च्या दशकात काढलेली अडीच लाखास एक प्रमाणाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने केव्हाच सर्वांसाठी खुली ठेवली आहे. आपल्याच तालुक्याचा जुना नकाशा टेक्सासहून उतरवून घ्यावा लागतो, याची खंत जरूर वाटावी, पण तेवढ्यासाठी थांबू नये. बार्शीसारख्या प्रत्येक नगरपालिकेच्या वाचनालयात गावाभोवतीची चार पत्रके, मिळतील त्या सर्व आवृत्त्यांसह आणि समास न कापता, जोडून भिंतीवर लावावीत. खर्च एखाद्या सत्कार समारंभाहूनही कमी येईल.