बेडकाचा धैवत

कामिल सँ-सान्स या फ्रेंच संगीतकाराने १८८६ मध्ये 'प्राण्यांचा कार्निव्हल' नावाची १४ तुकड्यांची गंमत लिहिली. ऑफेनबाखच्या धावत्या नाचाच्या चालीवर कासवं रेंगाळतात, हत्ती डबल बेसवर डुलतो, आणि प्राण्यांच्या रांगेत चक्क सरगम घोकणारे पियानोवादकही! पण 'हंस' सोडून यातलं काही त्याने हयातीत छापू दिलं नाही. गंभीर संगीतकार म्हणून कमावलेलं नाव जाईल, ही धास्ती. १९२१ मध्ये तो गेला, १९२२ मध्ये सगळं छापलं गेलं. आज बहुतेकांना तो याच रचनेमुळे माहीत असतो... ३५ वर्षं दडवलेलं हसू!

आपल्या शार्ङ्गदेवाला असली भीती नसावी. तेराव्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या दरबारी हा हिशेब सांभाळायचा. 'संगीतरत्नाकर'मध्ये त्याने मोर, चातक, बोकड, क्रौंच, कोकिळ, बेडूक आणि हत्ती यांना सा ते नी वाटून दिले, तेही अगदी गंभीरपणे. जुन्या नारदीय शिक्षेत धैवत घोड्याचा होता, इथे तो बेडकाला मिळाला. मला हे फार पटतं. आमच्या वैतरण्याला पावसात खाचरं भरली की रात्रभर तेच गाणं. घोडा कुठून आणायचा? त्यात धैवत नेमका लागतो का, ते पेटी घेऊन बसणाऱ्यांनी सांगावं.