सागरी वन्यजीव, सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील

मालवण, तारकर्ली, देवबाग, निवती व वेंगुर्ले येथून सुटणाऱ्या पर्यटक बोटींवरून दिसणारे सस्तन प्राणी, कासवे, समुद्री साप व पक्षी या नोंदीत घेतले आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा फेऱ्या बंद असतात. मालवण येथील 29.12 चौ. किमी. क्षेत्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याच्या हद्दीविषयी व निर्बंधांविषयी मच्छीमार आणि शासन यांच्यात मतभेद आहेत.

डॉल्फिन : ‘डॉल्फिन दर्शन’ या नावाने चालणाऱ्या फेऱ्यांत दिसतो तो बहुधा हिंदी महासागरी कुबडधारी डॉल्फिन (सोसा प्लंबिया). मालवणी मुलखात त्याला ‘गादा’ म्हणतात. पूर्वी त्याची गणना सोसा चायनेन्सिस या जातीत होत असे. 2014 मध्ये त्याला स्वतंत्र जातीचे स्थान मिळाले, त्यामुळे त्याआधीच्या ग्रंथांत जुनेच नाव आढळते. प्रौढाची लांबी सुमारे 2.5 मी. व रंग शिशासारखा करडा असतो. श्वासासाठी वर येताना प्रथम लांब चोच पाण्याबाहेर येते, मग पाठीवरचा उंचवटा व त्यावरचा आखूड पर दिसतो, आणि पाठ कमानीसारखी वळून प्राणी खाली जातो. खोल बुडी मारायची असेल तर शेपटीही वर येते. बोटीच्या नाळेपुढे लाटेवर खेळत जाणे ही इतर काही डॉल्फिनांची सवय या जातीत क्वचितच आढळते. हा बुजरा प्राणी आहे. बोट अंगावर आली की तो दिशा बदलतो किंवा जास्त वेळ पाण्याखाली राहतो.

ही जाती किनारा सोडून फारशी दूर जात नाही. साधारण 25 मी.पेक्षा उथळ पाणी, खाडीची मुखे व खडकाळ भाग हे तिचे क्षेत्र. बांगडा, तारली, बोय अशा किनारी माशांच्या मागे तिचे लहान कळप फिरतात. गिलनेट जाळी याच पट्ट्यात पडतात, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) याच पट्ट्यात ओढली जाते आणि पर्यटकांच्या बोटीही येथेच फिरतात. जाळ्यात गुरफटलेला डॉल्फिन श्वासासाठी वर येऊ शकला नाही तर गुदमरून मरतो. दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासानुसार मादीच्या दोन पिल्लांमध्ये सुमारे तीन वर्षांचे अंतर असते, म्हणून थोड्या प्रौढ माद्या गेल्या तरी कळप लवकर सावरत नाही. जागतिक लाल यादीत ही जाती ‘संकटग्रस्त’ असून 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती येते.

दर्शनाची योग्य रीत साधी आहे. बोट कळपाच्या पुढून आडवी न घालता बाजूने समांतर ठेवावी, इंजिन मंद करावे, आणि पिल्लू दिसल्यास अंतर वाढवावे. एका कळपाला चारपाच बोटींनी वेढा घालणे, ओरडून किंवा बोट थोपटून प्राण्याला वर आणू पाहणे, हे अपायकारक आहे आणि ते थांबलेच पाहिजे.

पॉर्पस : पाठीवर पर नसलेला, लहान, गोल डोक्याचा. शांत पाण्यातच नजरेस पडतो.

देवमासे : ब्राइड व निळा देवमासा. निळ्या देवमाशाची मादी व पिल्लू 2015 मध्ये कुणकेश्वरच्या समुद्रात दिसल्याची नोंद आहे. बोटफेरीत दर्शन अपवादात्मक.

कासवे : ऑलिव्ह रिडले हे मुख्य. ते श्वासासाठी वर आले की पाण्यावर तपकिरी डोके व पाठ क्षणभर दिसते. वायंगणी व इतर किनाऱ्यांवर त्याची घरटी सापडतात. रत्नागिरी जिल्ह्यातील माहिती अधिक तपशीलवार आहे : जानेवारी 2022 मध्ये वेळास येथे ‘प्रथमा’ या मादीला उपग्रह टॅग बसवण्यात आला, आणि 2023 मध्ये गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट दिशेचा पुरावाही मिळाला. ओडिशात 2021 मध्ये 03233 क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे वेगवेगळी, हा समज त्यामुळे पुन्हा तपासावा लागला.

समुद्री साप : विषारी, जाळ्यांत नेहमी येतात.

पक्षी : हिवाळ्यात कुरव व सुरय, किनाऱ्यावरील उंच झाडांवर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी. वेंगुर्ल्यासमोरील दीपगृहाच्या खडकाळ बेटांवर सुरय पक्ष्यांची वीण होते आणि गुहांत भारतीय पाकोळी लाळेची घरटी बांधते. हुमायून अब्दुलली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला (1942). ही घरटी खाद्य म्हणून विकली जात असल्याने त्यांची चोरी होत आली आहे.

संरक्षण : पर्यटक बोटी चालवणारे पुष्कळजण गाबीत मच्छीमार कुटुंबांतले असून जाळीही तेच टाकतात. जाळ्यात अडकलेला प्राणी सोडवताना होणारे त्यांचे नुकसान भरून देण्याचा मार्ग म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. डिसेंबर 2018 पासून राज्य शासन संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला 25,000 रु.पर्यंत भरपाई देते. त्यासाठी सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत सादर करावी लागते.