बिडकीन परिसरातील नाताळ : शब्द, भजन आणि तारीख

छत्रपती संभाजीनगर–पैठण मार्गावरील बिडकीन हे गाव पैठण तालुक्यात मोडते. या परिसरातील नाताळाकडे बहुधा मिशनकार्याचे एक उपांग म्हणून पाहिले जाते. ही मांडणी अपुरी आहे.

मुळात ‘नाताळ’ हा शब्द इंग्रजी मिशनचा नव्हे. तो पोर्तुगिजांचा, 1510 नंतर गोव्यात व 1534 नंतर वसईत त्यांची सत्ता स्थिरावली आणि तेथून तो मराठीत रुळला. तत्कालीन औरंगाबाद मात्र 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे आलेली चर्च मिशनरी सोसायटी इंग्रजांची होती. तरी मराठी ख्रिस्ती समाजाच्या तोंडी नाव राहिले ते नाताळच. पुढे शाळा-न्यायालयांच्या सुट्टीने हा शब्द सर्वांचा केला. सुट्टी घेणाऱ्या बहुतेकांना सणाशी कर्तव्य नसते, हा भाग वेगळा.

सणाचे अंतरंग घडविले ते भजनाने. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये असताना उपासनेसाठी अभंगाची आणि कीर्तनाची वाट धरली. एकनाथांच्या भारुडांवर वाढलेल्या पैठणच्या पंचक्रोशीला ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते.

परकेपणा उरला तो कालगणनेत. गावचे बहुतेक सण चंद्रावर चालतात. नाताळ संक्रांतीप्रमाणे सूर्याला बांधलेला. त्यामुळे साताऱ्याच्या खंडोबाची चंपाषष्ठी कधी त्याच्या आठवडाभर आधी येते, तर कधी नोव्हेंबरातच उरकते.