तंबाखूची दोरी, लादी आणि शेवया: 'नेव्ही कट' म्हणजे नक्की काय?

(एपिसोडचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली थोडी काटछाट केली आहे.)

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. वय १९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. म्हणतो, "दादा, मी सिगारेट सोडली. आता पाउच आणतो आणि स्वतः रोल करतो. ते नॅचरल असतं ना? यावर एक एपिसोड कराच."

ती नोट मी तीनदा ऐकली. कारण अगदी हेच वाक्य पुण्यातल्या एका होस्टेलच्या गच्चीवर बसून मी दोन वर्षं म्हणत होतो. दोन बोटांत कागद फिरवता येतो याचा मला केवढा अभिमान होता! तेव्हा माझ्या पाउचवर 'शॅग' लिहिलेलं असायचं. दुकानातल्या इतर डब्यांवर 'फ्लेक', 'रेडी रब्ड', 'नेव्ही कट' असे शब्द. मला वाटायचं, ही चवींची नावं असतील, आइस्क्रीमच्या फ्लेवरसारखी. तसं नाहीये. तंबाखू कशी कापली आहे, त्याची ही नावं आहेत. आणि या कापण्यामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे. आज तो सांगतो. त्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

ओंडका आणि गवत

आधी एक साधी गोष्ट. चुलीत मोठा ओंडका टाकला तर तो लवकर पेटत नाही, पेटला तर हळूहळू जळतो, लक्ष दिलं नाही तर विझतो. वाळलेलं गवत टाकलं तर एका काडीत भुर्रकन पेटतं. तंबाखूचंही तसंच. पान जितकं बारीक कापाल तितकी हवा जास्त खेळते आणि ते तितकं सहज पेटतं. जाड तुकडा म्हणजे ओंडका, बारीक धागा म्हणजे गवत. पुढची सगळी गोष्ट म्हणजे ओंडक्यापासून गवतापर्यंतचा प्रवास आहे.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपला कळली. पोर्तुगालमधला फ्रेंच राजदूत जाँ निको यानं १५६० च्या सुमारास ती फ्रान्सच्या दरबारात पाठवली, आणि 'निकोटिन' हे नाव त्याच्यावरूनच आलं. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाला मात्र तिचा भयंकर राग. १६०४ मध्ये त्यानं तंबाखूविरुद्ध स्वतः एक पुस्तिका लिहिली आणि पौंडामागे २ पेन्स असलेला आयात कर थेट ६ शिलिंग १० पेन्स केला. १२ पेन्सचा एक शिलिंग, म्हणजे हिशेब करा, ४१ पट!

तंबाखू इतकी महाग होती, म्हणून त्या काळातल्या मातीच्या पाइपांची वाटी अगदी इवलीशी असायची. पुढे तंबाखू स्वस्त होत गेली तशी ती मोठी होत गेली. आज इंग्लंडमध्ये उत्खननात पाइपचा तुकडा सापडला, तर वाटीच्या आकारावरून पुरातत्त्ववाले त्याचा काळ ओळखतात.

साधारण त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? अकबराचा माणूस असद बेग विजापूरला आदिलशाही दरबारात गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली, आणि एक सुंदर नळी घेऊन त्यानं ती बादशहाला नजर केली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले, तर हकिमानं लगेच अडवलं. पुढे १६१७ मध्ये जहांगीरनं बंदीही घातली. उपयोग झाला नाही. आपल्याकडे हुक्का रुळला आणि हुक्क्यासाठी तंबाखू कापायची नाही, तर गुळाबरोबर कुटायची पद्धत पडली. तोच गुडाखू.

दोरी, उंडा आणि लादी

आता अटलांटिक महासागरावर येऊ. व्हर्जिनियात १६१२ च्या सुमारास जॉन रोल्फनं तंबाखूची लागवड सुरू केली आणि जहाजं भरभरून माल लंडनला जाऊ लागला. सुटी पानं जागा खातात, वाळतात आणि चुरा होतात. मग लोकांनी काय केलं? सुतासारखी पानं पिळून त्यांची चक्क दोरी वळली. काळी, जाड, चिकट दोरी. वेटोळं करून ठेवायची आणि लागेल तेव्हा सुरीनं तुकडा कापायचा. हिला 'रोप' किंवा 'ट्विस्ट' म्हणतात.

खलाशांची वेगळीच अडचण. जहाज लाकडाचं, फटींत डांबर, पोटात बारूद. तिथे वाटेल तेव्हा विस्तव पेटवून चालत नसे, म्हणून चघळणारे पुष्कळ. ब्रिटिश आरमारातल्या खलाशांना पानंच मिळायची. ते ती रमनं ओलसर करायचे, एकावर एक रचायचे, गुंडाळायचे आणि किंतानात घालून वरून दोरीनं करकचून आवळायचे. आईला अळूवडीचा उंडा बांधताना पाहिलंय ना? डिट्टो तेच. काही दिवस तसंच मुरू द्यायचं आणि मग टोकाकडून चकत्या कापायच्या. हा नेव्ही कट! पानटपरीवरच्या सिगारेटच्या पाकिटावर तुम्ही हा शब्द नक्की वाचला असेल. त्या सिगारेटमध्ये ना दोरी, ना चकती. नाव तेवढं मागे राहिलं.

जमिनीवर हेच काम यंत्रानं होऊ लागलं. पानं दाबून केलेली लादी म्हणजे 'प्लग'. तिचे वडीसारखे पातळ काप म्हणजे 'फ्लेक'. चौकोनी बारीक तुकडे म्हणजे 'क्यूब कट'. पानं वाफवून, गोडवा देऊन, दाबून काळसर केली की 'कॅव्हेंडिश'. हे नाव टॉमस कॅव्हेंडिश या दर्यावर्दीवरून पडल्याची दंतकथा आहे. फ्लेक आधीच चुरून डब्यात भरली की ती 'रेडी रब्ड'.

या जाड कापांत एक गोष्ट सारखी आहे. त्या ओढणाऱ्याला कामाला लावतात. लादी कापा, तळहातावर चुरा, वाटीत बेतानं भरा, पेटवा. विझलं? पुन्हा पेटवा. इंग्रज ज्याला रब करणं म्हणतो, त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: मळणं.

हा शब्द आला की मला माझे मामा आठवतात. तळहातावर तंबाखू, अंगठ्यानं चुना, मळायची, दोन थापा मारायच्या आणि ओठाखाली. लहानपणी ती थाप ऐकली की कळायचं, मामा जेवून उठले. चार वर्षांपूर्वी त्यांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. आता ते पातळ खिचडी खातात आणि बोललेलं फक्त मामीला कळतं.

मामा चुना का लावत होते? 'सवय' हे त्यांचं उत्तर. रसायनशास्त्राचं उत्तर असं की चुना अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी तंबाखूतलं निकोटिन तोंडातल्या त्वचेतूनच रक्तात जातं. हे लक्षात ठेवा. कारण सावलीत, हवेवर वाळवलेल्या जुन्या पद्धतीच्या पानांचा धूरही असाच अल्कधर्मी आणि घशाला टोचणारा असतो. म्हणून पाइप आणि सिगार ओढणारे बहुतेक लोक धूर तोंडातच खेळवायचे. छातीत ओढला तर ठसका लागायचा.

शेरलॉकची शेवई

आता 'शॅग'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ राठ, गुंतलेल्या केसांचा झुपका. तंबाखू शेवयांसारखी बारीक कापली की ती तशी दिसते. शेरलॉक होम्स हीच ओढायचा. मालिकेत त्याला निकोटिनचे पॅच लावताना तुम्ही पाहिलंय, पण मूळ कथांत तो शॅगवाला आहे आणि तंबाखू ठेवायचा कुठे, तर पर्शियन सपातेच्या टोकात! पहिल्याच भेटीत वॉटसन त्याला सांगतो की मी स्वतः 'शिप्स' ओढतो, म्हणजे खलाशी वापरायचे तसली कडक तंबाखू. गंमत म्हणजे शॅग तेव्हा स्वस्त आणि जहाल म्हणून ओळखली जायची, कष्टकऱ्यांची तंबाखू. होम्ससारख्या सुशिक्षित माणसानं ती ओढणं हेच वाचकांना विचित्र वाटावं, अशी ती योजना आहे.

शेवया कागदात छान बसतात. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) ब्रिटिश सैनिकांनी तुर्की सैनिकांना कागदात तंबाखू गुंडाळून ओढताना पाहिलं आणि ती सवय घरी नेली. १९०७ मध्ये अमेरिकेत आर. जे. रेनॉल्ड्सनं 'प्रिन्स अल्बर्ट' हा डबा आणला, 'क्रिम्प कट'वाला. पाइपमध्येही चालेल आणि कागदातही. कापाकापी नाही, मळणं नाही.

एक शेकोटी आणि एक यंत्र

पण खरी उलथापालथ त्याआधीच सुरू झाली होती. १८३९, नॉर्थ कॅरोलिना. अबायशा स्लेड नावाच्या जमीनदाराकडे स्टीफन नावाचा गुलाम होता. तंबाखूच्या कोठारात पानं वाळवायची शेकोटी सांभाळणं हे त्याचं काम. असं सांगतात की त्याला डुलकी लागली आणि शेकोटी विझत आली. त्यानं घाईघाईत कोळसा टाकला. एकदम उष्णता वाढली आणि पानं झगझगीत पिवळी झाली. या पिवळ्या पानाला भाव चांगला आला. स्लेडचं नाव झालं, स्टीफन गुलामच राहिला.

या पानात साखर टिकून राहते आणि त्याचा धूर आम्लधर्मी होतो. म्हणजे घशाला मऊ, ठसका कमी. पण आम्लधर्मी धुरातलं निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही. हवं असेल तर धूर छातीतच ओढावा लागतो. आणि फुप्फुसातून ते काही सेकंदांत मेंदूत पोचतं.

दुसरी गोष्ट यंत्राची. हातानं सिगारेट वळणारा कुशल कामगार मिनिटाला चार-पाच वळायचा. जेम्स बॉन्सॅक या व्हर्जिनियातल्या तरुणानं १८८१ मध्ये पेटंट घेतलेलं यंत्र दहा तासांत सुमारे १,२०,००० वळायचं, म्हणजे मिनिटाला २००. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीनं १८८३ मध्ये आणि अमेरिकेत जेम्स ड्यूकनं त्यापाठोपाठ हे यंत्र घेतलं. त्याला एकसारखी, बारीक चिरलेली तंबाखू लागायची. ओंडका आता पूर्ण गवत झाला होता. कापायचं काम संपलं, मळायचं संपलं, ठसकाही संपला. तंबाखू आणि माणूस यांच्यामध्ये जे काही अडथळे होते, ते एकेक करून निघून गेले.

१९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफोर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या पाहणीचे आकडे छापले. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांपैकी कधीच धूम्रपान न केलेले किती? फक्त २. डॉलला आधी शंका होती रस्त्यांवरच्या डांबराची. पाहणी चालू असतानाच त्यानं स्वतःची सिगारेट सोडली. पुढे ब्रिटिश डॉक्टरांवर ५० वर्षं चाललेल्या अभ्यासातून दिसलं की सिगारेट ओढत राहणारे सरासरी सुमारे १० वर्षं आधी जातात.

तर मित्रा, तुझा प्रश्न

तुझ्या पाउचमध्ये काय आहे? युरोपियन युनियनचा कर कायदा रोलिंगच्या तंबाखूची व्याख्या थेट कापावरून करतो. वजनानं २५ टक्क्यांहून जास्त तुकडे दीड मिलिमीटरपेक्षा बारीक असले की ती रोलिंगची तंबाखू. 'नॅचरल' हा शब्द त्या व्याख्येत कुठेच नाही. पाउचमधली तंबाखू मऊ, ओलसर लागते ना? ती तशी राहावी म्हणून तिच्यात बहुधा ग्लिसरॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल असे पदार्थ घातलेले असतात. आणि बहुतेक पाउचांत मोठा वाटा स्टीफनच्या त्याच पिवळ्या पानाचा असतो. तू सिगारेट सोडलेली नाहीस. कारखान्यातलं शेवटचं काम, वळण्याचं, तू फुकटात करतोयस.

कुणी म्हणेल, मग जाड काप बरा का? तर तसंही नाही. आपल्या विडीत तंबाखू शेवईसारखी चिरलेली नसते, तिची भरड असते. पण तेंदूचं पान नीट जळत नाही, विडी विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा ओढावी लागते, आणि तेवढा धूर आत जातो. पाइपवाल्यांना तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग होतोच. आणि मामांनी तर आयुष्यात एकही झुरका घेतला नव्हता.

मी कसा सोडला हे लोक विचारतात. मोठी गोष्ट नाही. मामांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी माझ्या खिशात पाउच होता. मामांनी तो पाहिला. बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त हात पुढे केला, तळहात वर करून, मळायला घेतात तसा. मला आधी वाटलं, मागतायत. मग कळलं, ते 'दे इकडे' म्हणतायत. मी दिला. मामींनी तो कचऱ्यात टाकला. त्यानंतर दोनदा घसरलो, तिसऱ्यांदा सुटला.

तुलाही लगेच जमलं नाही तर मला पुन्हा व्हॉइस नोट पाठव. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!