पुसून काढलेला चेहरा

गराजमधल्या एखाद्या खोक्यात तुमच्या मुलीची जुनी बार्बी नक्की असेल. हे वाचताना ती बाहेर काढा आणि तिच्या डोळ्यांत बघा. ती बहुधा सरळ तुमच्याकडेच बघत असेल. पण ९ मार्च १९५९ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात बार्बी पहिल्यांदा लोकांपुढे आली, तेव्हा तिची नजर तिरकी होती. बुबुळांना रंग नव्हता, भुवया टोकदार, ओठ लालभडक. हा थाट तिने ‘लिली’ नावाच्या जर्मन बाहुलीकडून उचलला होता आणि लिली मुळात वर्तमानपत्रातल्या, मोठ्या माणसांच्या व्यंगचित्रातली. बार्बीला समोर बघायला १९७१ साल उजाडलं. रंगाच्या दोन ठिपक्यांची जागा बदलायला कंपनीला बारा वर्षं लागली!

तेवढा धीर ज्यांना नव्हता, त्यांची ही गोष्ट. बाजारातली बाहुली घ्यायची, तिचा छापील चेहरा पुसायचा आणि त्या जागी खऱ्या माणसाचा वाटेल असा चेहरा हाताने रंगवायचा, हा आज अनेक देशांत गांभीर्याने जोपासलेला छंद आहे. काहींचं त्यावर पोटही चालतं.

खरं तर पूर्वी बाहुल्यांचे चेहरे हातानेच रंगवत. १९०५ साली केटे क्रूझ या जर्मन बाईंच्या मुलीने बाहुली मागितली. नवरा शिल्पकार. दुकानातल्या गुळगुळीत, निर्जीव बाहुल्या त्याला बघवत नसत. तो म्हणाला, तूच बनव. बाईंनी टॉवेलमध्ये वाळू भरली, डोक्याच्या जागी बटाटा बांधला. (आपल्या आज्यांनी चिंध्यांच्या ठकी केल्या, त्यातलाच प्रकार.) पुढे १९१०मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या दुकानातल्या प्रदर्शनात त्यांच्या कापडी बाहुल्या मांडल्या गेल्या आणि नाव झालं. कापडी डोक्यावर तैलरंगात हाताने काढलेला शांत, किंचित उदास लहान मुलाचा चेहरा, ही त्यांची ओळख.

मग प्लास्टिक आलं, व्हिनाइल आलं. धातूच्या साच्यातून रंग फवारायचा, नंतर मऊ रबरी ठोकळ्याने डोळे-ओठ छापायचे. शिक्का मारावा तसा. आकडे वाढले, चेहरा एकच राहिला. किती एकच, ते १९६७च्या फ्रान्सीवरून कळतं. बार्बीच्या या चुलत बहिणीची कृष्णवर्णीय आवृत्ती काढली, ती गोऱ्या फ्रान्सीच्याच साच्यातून. प्लास्टिक तेवढं गडद केलं. ती फारशी खपली नाही, यात नवल ते काय? पुढच्या वर्षी ख्रिस्टी आली, तेव्हा तिच्यासाठी वेगळं डोकं वापरलं. आपल्यातल्या ज्या मुली इथे वाढल्या, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. दुकानातल्या रांगेत आपल्यासारखी सहसा एकही नसायची, आणि एखादी सावळी असलीच तरी ती बहुधा गोरीच असायची, फक्त रंगवलेली.

हॉबार्टच्या सोनिया सिंग यांचं काम म्हणूनच लोकांच्या मनाला भिडलं असावं. टास्मानियात राहणाऱ्या या बाई ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञान संस्थेत नोकरीला होत्या. कपातीत नोकरी गेली. भंगार-दुकानातून त्यांनी टाकून दिलेल्या ‘ब्रॅट्झ’ बाहुल्या आणल्या. २००१ साली आलेल्या या बाहुल्या तुम्हाला आठवत असतील: भलेमोठे डोळे, सुजल्यासारखे ओठ, पार्टीला निघाल्यासारखा मेकअप. बूट काढायचा तर पाऊलही निघून यायचं! सिंग यांनी नेलपॉलिश रिमूव्हर आणि निलगिरीच्या तेलाने तो सगळा मेकअप उतरवला, साधे डोळे आणि फिकट ओठ रंगवले, नवे बूट घडवले. स्वेटर त्यांच्या आईने विणले. २०१५च्या जानेवारीत त्यांनी आधीचे आणि नंतरचे फोटो लोकांपुढे ठेवले आणि मागणीचा पूर आला. ती पुरी करणं एकटीच्या हातात नव्हतं, तेव्हा हे घरी कसं करायचं ते त्यांनी लोकांना शिकवलं. मला या गोष्टीत हेच सगळ्यात आवडतं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रिबेका अॅटकिन्सन यांनी खेळण्यांना श्रवणयंत्रं लावून ‘टॉय लाइक मी’ ही मोहीम सुरू केली. श्रवणयंत्रवाली बार्बी कारखान्यातून यायला २०२२ उजाडलं.

आता प्रत्यक्ष काम. पेणचे गणपती आता आपल्या मंडळांपर्यंतही येतात, तेव्हा डोळ्यांची आखणी म्हणजे काय ते तुम्ही जाणता. अंगाला रंग कुणीही देईल, पण डोळे जाणत्या हाताकडेच जातात. इथेही तसंच. छापील डोळ्यांत बुबुळ पूर्ण गोल दिसतं, म्हणून बाहुली कायम दचकलेली वाटते. माणसाच्या बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो. तेवढा झाकला की नजर निवळते. डोळ्याचा पांढरा भाग शुभ्र ठेवायचा नाही, त्यात किंचित राखाडी मिसळायचा. वरच्या पापणीची रेघ गडद, खालची जेमतेम. प्रकाशाचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, नाहीतर बाहुली तिरळी दिसते. भुवई एका फटकाऱ्यात नाही, एकेक केस ओढत. नाकाच्या शेंड्याला, कानाच्या पाळीला खडूच्या भुकटीने हलकी लाली, कारण जिवंत कातडी कुठेच एका रंगाची नसते. शेवटी मॅट वार्निश, आणि डोळ्या-ओठांवर मात्र थोडी चकाकी. नखाएवढ्या जागेत एवढं सगळं.

जुन्या बाहुल्यांचे संग्राहक यावर चिडतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. १९५९च्या बार्बीचा मूळ रंग पुसला की तिची किंमत आणि इतिहास दोन्ही गेले. १९७२च्या ‘ब्लाइथ’चंही तेच. दोरी ओढली की हिच्या डोळ्यांचा रंग बदले. एक वर्ष विकली गेली आणि बंद पडली. जीना गॅरन यांचं तिच्या फोटोंचं पुस्तक २००० साली आलं आणि पुढच्याच वर्षी जपानच्या ताकारा कंपनीने नवी ब्लाइथ काढली. आज कलाकार सँडपेपरने घासून, नाक-ओठ कोरून बदलतात, ती बहुतेक ही नवी. मूळच्या बाहुलीला हात लावताना जाणकार दहादा विचार करतात.

तेव्हा तुमच्या खोक्यातलीवर ब्रश चालवण्याआधी तिची पाठ बघा. कमरेजवळ १९६६ कोरलेलं दिसलं तर खजिना सापडला म्हणून उडी मारू नका. ते त्या धडाच्या साच्याचं साल आहे आणि पुढे कितीतरी वर्षं तसंच छापत राहिले. बाहुली बहुधा नव्वदच्या दशकातली, साधीच असेल. खुशाल पुसा. अॅसिटोन मात्र व्हिनाइलच्या चेहऱ्यालाच लावा, कडक प्लास्टिक त्याने विरघळतं. खिडकी उघडी ठेवा. आणि चेहरा जमला, तर काही कलाकार करतात तसं मानेच्या मागे, केसांखाली, बारीक अक्षरांत मुलीची सही घ्या.