बशीवरचे ठिपके: जिवाणूंची ओळख आणि एक हरवलेले नाव

१/
किराणा दुकानात 'चायना ग्रास' या नावाने पांढरट, हलक्या पट्ट्यांची पुडी मिळते. तिच्यापासून जेली आणि पुडिंग करतात. समुद्रातील लाल शेवाळापासून काढलेला हाच पदार्थ प्रयोगशाळेत 'अगार' म्हणून ओळखला जातो. रुग्णाच्या घशात किंवा पिण्याच्या पाण्यात कोणता जिवाणू आहे, हे शोधण्यासाठी तो आजही लागतो. तो स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत कसा पोहोचला, याचा हा इतिहास.

२/
प्रथम अडचण समजून घेऊ. १८७० च्या दशकात जिवाणू प्रामुख्याने मांसरसासारख्या द्रवात वाढवत. द्रवात दहा जातींचे जीव पडले, तर दहाही एकमेकांत मिसळून वाढत. रस गढूळ झालेला दिसे. पण त्यातील कोणता जीव रोगाचे कारण आहे आणि कोणता केवळ आगंतुक, हे सांगता येत नसे.

३/
जोसेफ लिस्टर यांनी १८७८ मध्ये आंबलेले दूध विरळ करत नेले आणि एका थेंबात सरासरी एकच जीव उरेल इतपत मजल गाठली. पद्धत अचूक होती, पण अतिशय कष्टाची. शिवाय रोग्याच्या शरीरातून घेतलेल्या सरमिसळ नमुन्यात जो जीव संख्येने अधिक, तोच अशा रीतीने हाती लागणार. विरळ जीव निसटणार.

४/
या गोंधळातून एक मोठा वाद उभा राहिला होता. कार्ल फॉन नेगेली यांच्यासारखे मान्यवर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणत की, जिवाणूंना स्थिर जाती नसतात. परिस्थितीनुसार एकच जीव रूप आणि गुण पालटतो. हे खरे मानले, तर 'अमुक रोगाचा अमुक जिवाणू' या शब्दांना काही अर्थच उरत नाही. वाद मिटवायचा, तर एका जातीचे निर्भेळ संवर्धन हाती हवे.

५/
रॉबर्ट कॉख (जन्म १८४३) हे मूळचे जिल्हा वैद्य. १८७६ मध्ये त्यांनी अँथ्रॅक्सच्या जिवाणूचे जीवनचक्र उलगडले आणि १८८० मध्ये ते बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात आले. उकडलेल्या बटाट्याचा काप हवेत उघडा राहिला, तर त्यावर निरनिराळ्या रंगांचे ठिपके उमटतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. एका ठिपक्यात बहुधा एकाच प्रकारचे जीव आढळत.

६/
कारण साधे होते. द्रवातला जीव भटकतो. घट्ट पृष्ठभागावर पडलेला जीव मात्र पडेल तिथेच वाढतो. एकाचे दोन, दोनांचे चार होत त्याची संतती तिथेच साचते आणि डोळ्यांना दिसेल एवढी 'वसाहत' तयार होते. एक ठिपका म्हणजे साधारणतः एका पूर्वजाचे कुळ. निवडण्याचे काम पृष्ठभागच करून देतो.

७/
परंतु बटाटा अपारदर्शक, आणि अनेक रोगजंतूंना तो मानवतही नसे. म्हणून कॉख यांनी मांसरसात जिलेटिन मिसळून तो काचेच्या सपाट पट्टीवर गोठवला. ऑगस्ट १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेच्या वेळी त्यांनी हे तंत्र दाखवले. लुई पाश्चर तेथे उपस्थित होते. ही मोठी प्रगती असल्याची दाद त्यांनी दिली.

८/
तरीही जिलेटिन दगा देत असे. मानवी शरीरातले जिवाणू ३७ अंश सेल्सिअसला उत्तम वाढतात. जिलेटिन त्याआधीच वितळते. त्यातच काही जिवाणू जिलेटिन पचवून त्याचे पाणी करतात. पृष्ठभाग वितळला की वेगळ्या झालेल्या वसाहती पुन्हा एकमेकांत मिसळत आणि सारी मेहनत वाया जाई.

९/
या वेळी वाल्थर हेसे हे जर्मन वैद्य हवेतील जिवाणूंचा अभ्यास करत होते. त्यांच्या पत्नी फॅनी (जन्म १८५०) प्रयोगशाळेत त्यांना मदत करत आणि त्यांच्या शोधनिबंधांसाठी चित्रे काढत. उन्हाळ्यात जिलेटिन वितळू लागले, तेव्हा वाल्थर यांनी पत्नीला विचारले: तुझ्या जेली आणि पुडिंग या उष्म्यातही घट्ट कशा राहतात?

१०/
उत्तर होते अगार. फॅनी न्यूयॉर्क परिसरात वाढल्या होत्या. कुटुंबात जपलेल्या हकिकतीनुसार, जावा बेटावर राहून आलेल्या डच परिचितांकडून हा पदार्थ त्यांच्या घरी आला. 'अगार-अगार' हा शब्दही मलय भाषेतलाच. अशा रीतीने आग्नेय आशियाच्या स्वयंपाकघरातले ज्ञान अमेरिकेमार्गे जर्मनीच्या प्रयोगशाळेत उतरले.

११/
अगारचा गुण विलक्षण आहे. तो वितळायला सुमारे ८५ अंश तापमान लागते. पण एकदा वितळल्यावर सुमारे ४० अंशांपर्यंत उतरल्याशिवाय तो गोठत नाही. म्हणजे जिवाणू न मारता तो कोमट असताना ओतता येतो आणि ३७ अंशांवर घट्ट राहतो. तो पारदर्शक असतो आणि बहुतेक जिवाणूंना पचतही नाही.

१२/
हेसे यांनी ही गोष्ट कॉख यांना कळवली. २४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाच्या जिवाणूचा शोध जाहीर केला. मानवजातीतील सातांपैकी एक मृत्यू क्षयाने होतो, असे ते म्हणाले. हा जिवाणू वाढवण्यासाठी त्यांनी मुख्यतः गोठवलेले रक्तद्रव वापरले होते. त्याच वर्षीच्या निबंधात अगारचाही ओझरता उल्लेख आला. फॅनी किंवा वाल्थर यांचे नाव मात्र आले नाही.

१३/
१८८७ मध्ये कॉख यांचे सहकारी युलियुस रिचर्ड पेट्री यांनी झाकण असलेली उथळ, गोल काचबशी सुचवली. त्यापूर्वी सपाट पट्ट्या काचेच्या घंटेखाली ठेवाव्या लागत आणि तपासताना हवेतले जंतू त्यांवर पडत. आता झाकण न उघडताच वसाहती न्याहाळता येऊ लागल्या.

१४/
वेगळे करणे साधले, पुढे ओळखणे आले. वसाहतीचा रंग, कड, उंची, चकाकी ही पहिली खूण. १८८४ मध्ये हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांची रंजनपद्धती आली; आजही तिच्या आधारे जिवाणू जांभळे की गुलाबी, हे आधी पाहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड मॅककॉन्की यांनी पित्तक्षार, दुग्धशर्करा आणि रंगद्रव्य घातलेले माध्यम तयार केले. त्यावर 'ई. कोलाय' गुलाबी दिसतो, तर टायफॉइडचा जिवाणू रंगहीन राहतो.

१५/
मुंबईतही स्वयंपाकघर मदतीला आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. त्यानंतर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात लस बनवायला घेतली. लशीसाठी जिवाणू विपुल हवेत, म्हणून त्यांनी मांसरसाचे चंबू वापरले. मात्र वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले.

१६/
चंबू न हलवता ठेवला, की त्या थेंबांखाली प्लेगचे जिवाणू गुहेच्या छतातून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे वाढत. धक्का लागताच ते हिमवर्षावासारखे तळाशी बसत. हाफकिन यांच्या लेखी ही प्लेगच्या जिवाणूची ओळखखूणच होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली.

१७/
फॅनी हेसे १९३४ मध्ये निवर्तल्या. १९३९ मध्ये हिचेन्स आणि लाइकिंड या अमेरिकी संशोधकांनी ही हकिकत प्रसिद्ध केली आणि अगारच्या माध्यमाला त्यांचे नाव द्यावे, असे सुचवले. ते नाव रूढ झाले नाही. बशीला पेट्रींचे नाव लाभले, रंजनपद्धतीला ग्रॅम यांचे. बशीत जे ओततात, त्याला मात्र आजही नुसते अगारच म्हणतात.

१८/
विज्ञानाच्या इतिहासात शोधनिबंधावरची नावे वाचणे सोपे असते. निबंधातली चित्रे कोणी काढली, माध्यम कोणी शिजवले, ही माहिती बहुधा पत्रांत आणि घरगुती आठवणींत सापडते. इतिहासाच्या अभ्यासकाने तिथेही शोध घ्यायला हवा. इति.